पसंतीचा रकाना

आमच्या ओएसना एक खोड होती. खिडकीवर आलेल्या मुलाचं काम झालं, कागद घेऊन तो वळला आणि चार पावलं गेला, की हे आतून त्याचं नाव घ्यायचे. मोठ्यानं नाही, साध्या बोलण्याच्या आवाजात. मुलगा वळला तर म्हणायचे, "काही नाही, जा." नाही वळला तर त्याला परत बोलावणं यायचं.

"हे नाव तुझंच ना?"

"हो सर."

"मग मान का वळली नाही?"

मुलं गोंधळायची. त्यांना वाटायचं, फॉर्म चुकला, आता पुन्हा झेरॉक्सच्या रांगेत उभं राहावं लागणार. पण ओएसना फॉर्मशी काही देणंघेणं नसायचं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं. हे नाव कोणी ठेवलं, घरी काय म्हणतात, शाळेत काय म्हणायचे, आणि तुला स्वतःला त्यातलं कुठलं आपलं वाटतं. मागे दहा मुलं ताटकळत उभी असायची आणि हे एकाच्या बारशाची चौकशी करत बसलेले.

ओएस म्हणजे ऑफिस सुपरिंटेंडेंट. नाशिकच्या ज्या कॉलेजात मी कारकुनी करता करता चष्म्याचे नंबर वाढवले, तिथल्या कचेरीचे ते प्रमुख. आता निवृत्त झालेत. त्यांचं नाव दारावरच्या पाटीवर होतं, पण ते कोणी वाचत नसे आणि मीही इथे लिहिणार नाही. लिहिलं तर उद्या त्यांचाच फोन येईल, "बाई, त्यातलं कुठलं लिहिलंत?"

मी नोकरीला उशिरा लागले, मुलगा दहावीला गेल्यावर. रुजू होण्याचा कागद टेबलावर ठेवला, "येते सर" म्हणून वळले आणि माझ्या टेबलाकडे निघाले. मागून कोणीतरी कोणालातरी हाक मारत होतं. मी आपली चालत राहिले. खुर्चीत बसले, पर्स खणात ठेवली, वर बघते तर अख्खी कचेरी माझ्याकडे बघतेय.

"तुम्हालाच बोलावतोय," ओएस म्हणाले. "ह्या कागदावर नाव कोणाचं आहे?"

"माझंच आहे सर. पण सासरचं आहे. सवय नाही."

"लग्नाला किती वर्षं झाली?"

"मुलगा दहावीला आहे."

त्यांनी चष्मा काढला आणि खुर्ची ओढून घेतली. मला वाटलं, गेली नोकरी. पण चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्याच्या हाती नवीन प्रकारचं फळ लागावं तसे ते खूश दिसत होते. मग मला सगळं सांगावं लागलं. ते इथेही सांगून टाकते, कारण आमच्या घरात ही गोष्ट प्रत्येक लग्नकार्यात कोणी ना कोणी सांगतंच.

आमच्या लग्नात ह्यांनी तांदळाच्या ताटात अंगठीनं माझं नवं नाव लिहिलं. लिहून हात उचलला आणि तेवढ्यात माझ्या मोठ्या नणंदेचं कोपर ताटाला लागलं. मधलं अक्षर विस्कटलं. गुरुजींना घाई होती, पुढचा मुहूर्त दुसऱ्या हॉलमध्ये होता. त्यांनी दिसलं ते वाचलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, पेढे वाटले गेले. हे लाजून गप्प बसले. त्यामुळे माझी नावं तीन. माहेरचं एक, ह्यांच्या मनातलं एक आणि नणंदेच्या कोपरानं ठेवलेलं एक. आधार कार्डावर कोपराचं आहे. पगारही कोपराच्याच नावानं येतो. घरात हे मला "अगं" म्हणतात, तेव्हा कसलाच घोळ होत नाही.

ओएस पोट धरून हसले. मग एकदम थांबून म्हणाले, "आणि हाकेचं?"

"म्हणजे?"

"बाई, माणसाला दोन नावं असतात. एक लिहायचं, एक हाकेचं. लिहायचं नाव बदललं तर तहसीलदाराला कळवायचं. हाकेचं बदललं तर कोणाला कळवणार?"

घरी जाऊन भाजी फोडणीला टाकताना सुचलं की, माझं हाकेचं नाव शेवटचं माझ्या आईनं घेतलं होतं. मी ते स्वयंपाकघरात एकदा स्वतःशीच म्हणून बघितलं. पलीकडून मुलगा म्हणाला, "कोणाशी बोलतेस?" इतकंच.

ओएसच्या स्कूटरला हॉर्न होता पण ते वाजवत नसत. म्हणत, हॉर्नला नाव नसतं, कोणी कोणाला वाजवला ते कळत नाही, सगळेच दचकतात. त्यापेक्षा ते सरळ हाक मारत. द्वारका चौकातून त्यांच्या मागे बसून जाणं ही एक शिक्षा होती. "ओ पिवळी छत्री, जरा बाजूला." "ओ द्राक्षवाले मामा, क्रेट सांभाळा." गंमत म्हणजे लोक वळायचे आणि वाटही द्यायचे. मी पदरानं तोंड झाकून बसायची.

त्यांच्या मोबाइलमध्ये माणसं त्यांच्या नावानं नव्हती, फोनवर ती स्वतःची ओळख कशी देतात तशी होती. "मी बोलतोय" या नावाचे बरेच जण होते. एक होता "ओळखलं का". आमचे प्राचार्य "जरा या" म्हणून होते. मी कोण आहे ते बघायची मला फार उत्सुकता होती. एकदा मोबाइल टेबलावर ठेवून ते चहाला गेले असताना मी त्यांना टेबलाखालून फोन लावला. स्क्रीनवर आलं, "सर, बिझी आहात का". खोटं कशाला बोलू, मला थोडं लागलं.

एकदा मीच त्यांना विचारलं, "सर, तुमचं हाकेचं काय?"

ते शिक्क्याची पेटी पुसत होते. "मारणारे सगळे गेले हो. गावाकडे एक चुलती होती, तीही गेली. आता नुसतं लिहायचं उरलंय."

"आणि वहिनी?"

"ती 'अहो' म्हणते. ते निम्म्या नाशिकचं नाव आहे."

मग ते पोर्टल आलं. प्रवेश, परीक्षा, निकाल, सगळं त्यावर. विद्यार्थ्यानं आपली माहिती आपणच भरायची. त्यात पहिला रकाना होता 'आधारप्रमाणे नाव' आणि त्याच्याच खाली दुसरा, 'पसंतीचे नाव'. मूळ इंग्रजी फॉर्म कोणीतरी बसून मराठीत केला असणार. त्याला म्हणायचं होतं, तुम्हाला कुठल्या नावानं ओळखलेलं आवडेल. पण पसंती हा शब्द आपल्याकडे कुठे वापरतात ते त्याला कोणी सांगितलं नव्हतं.

मुलांनी प्रामाणिकपणे भरलं. एकानं आवडत्या क्रिकेटपटूचं नाव टाकलं. एकानं 'आई' लिहिलं. एकानं 'भावी आमदार'. बऱ्याच मुलांनी वर्गातल्या मुलींची नावं लिहिली, त्यात दोघांची पसंती एकच निघाली आणि कँटीनमध्ये कॉलर धरण्यापर्यंत गेलं. एका मुलीनं लिहिलं होतं, 'अजून ठरलं नाही'.

आणि मग निफाडकडचे एक बागायतदार वडील खिडकीवर येऊन उभे राहिले. पांढरा शर्ट, पायात चिखल, हातात मुलीच्या फॉर्मची प्रिंट.

"तुम्ही पोरींला पसंतीचं नाव इचारता? पसंती आम्ही ठरवू ना. परवाच पाहुणे येऊन गेले घरी. त्यांच्या कानावर गेलं तर काय म्हणतील?"

मी उठायच्या आत ओएस बाहेर गेले. त्यांना बाकावर बसवलं, माठातलं पाणी दिलं.

"दादा, पोरीला घरी काय म्हणता?"

"त्याचा काय संबंध?"

"सांगा तर."

ते जरा आखडले. एवढा रागात आलेला माणूस चार लोकांत कसं सांगणार? शेवटी खाली बघून म्हणाले, "चिमणी."

"हेच विचारलंय आम्ही. बाकी काही नाही."

बागायतदार प्रिंटकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मग तसं लिवा ना राव." जाताना त्यांनी खिशातून बेदाणे काढून आम्हाला मूठ मूठ दिले.

त्या दिवशी ओएसनी कागदावर मोठ्या अक्षरात 'हाकेचं नाव' असं लिहून कॉम्प्युटरच्या कडेला, त्या रकान्याच्या बरोबर शेजारी येईल असं चिकटवलं. शेवटच्या वर्षाच्या एकेकाला बोलावून त्याला विचारून तो रकाना दुरुस्त करायचं काम आम्ही दोघांनी काढलं. त्यात त्यांचा एक नियम होता, आणि तो त्यांनी माझ्यावर दोनदा ओरडून पक्का केला. हाकेचं नाव ज्याचं त्यानं सांगायचं. मित्रानं सांगितलेलं चालणार नाही, बापानं सांगितलेलंही नाही. बागायतदारांची चिमणीसुद्धा ती पोरगी येऊन स्वतः 'लिहा' म्हणाली तेव्हाच लिहिली. कोणाला काही नको असेल तर रकाना रिकामा.

सुनीताचा रिकामा होता.

ती सुरगाण्याच्याही पुढच्या एका पाड्यावरची. आदिवासी वसतिगृहात राहायची, वर्गात पहिल्या पाचात असायची आणि खिडकीवर आली की कागद ठेवून दोन पावलं मागे सरकून उभी राहायची. ओएसनी सवयीप्रमाणे तिला मागून हाक मारली होती. ती वळली, पण आधी आजूबाजूला बघून.

"कोणाला शोधत होतीस?"

"दुसरी कोणी सुनीता आहे का बघत होते, सर."

मग हळूहळू कळलं. आश्रमशाळेत नाव घालताना गुरुजींनी घरचं नाव विचारलं होतं, पण त्यांना ते रजिस्टरात शोभेलसं वाटलं नाही. त्यांनी त्यांना माहीत असलेली चांगली नावं वाटून टाकली. मुलगे सगळे सुनील आणि अनिल, मुली सुनीता आणि अनिता. वर्गात इतक्या सुनीता झाल्या की गुरुजींनाच पंचाईत पडली. "दारातली सुनीता होती, फळ्याजवळची होती," ती सांगत होती. "मी मागची सुनीता."

"आणि घरी?"

तिनं माझ्याकडे बघितलं, मग ओएसकडे, मग मागच्या रांगेकडे. रांग लांब होती. तिनं खिडकीच्या गजाजवळ तोंड आणून सांगितलं, "बुधी. बुधवारी झाले म्हणून."

ओएसचा हात कीबोर्डकडे गेला. ती पटकन म्हणाली, "लिहू नका, सर."

का लिहायचं नाही, ते तिनं त्या दिवशी सांगितलं नाही. दोन-तीन दिवसांनी कचेरी रिकामी असताना परत आली आणि उभ्या उभ्या सांगून गेली. पहिल्या वर्षाला तिच्याकडे फोन नव्हता, घरचा फोन खोलीतल्या मैत्रिणीच्या मोबाइलवर यायचा. एकदा आईनं पाड्यावरच्या कोणाच्यातरी फोनवरून लावला आणि विचारलं, बुधी हाय का? मैत्रिणीला ऐकू आलं बुद्धी. ती खोलीभर ओरडली, अगं, कोणाकडे बुद्धी आहे का, फोन आलाय. सगळ्या हसल्या. सुनीताही हसली. आणि फोन हातात घेऊन म्हणाली, राँग नंबर.

दिवाळीला घरी गेली तेव्हा आई रागावलेली नव्हती. तिला वाटलं होतं, पोरीला शहरात त्या नावानं कोणी ओळखत नसेल. एवढंच म्हणाली, "तिकडं तुझं नाव चालत नाय, बाय." तेव्हापासून आई तिला फोनवर कुठलंच नाव न घेता बोलायची. नुसतं, जेवलीस का.

आता कॉलेजात पदवी वाटपाचा कार्यक्रम होता आणि आई पहिल्यांदाच नाशिकला यायची होती. सुनीताचं म्हणणं साधं होतं. प्रमाणपत्रावर सुनीताच राहू दे, कारण जातीच्या दाखल्यापासून पडताळणीपर्यंत सगळे कागद त्या नावाचे आहेत, एक बदलला तर सगळेच अडतील. पण स्टेजवर सुनीता म्हणून पुकारलं तर आईला कळायचंच नाही की ही आपली. आणि बुधी म्हणून पुकारलं तर वसतिगृहाच्या मुली तीन वर्षांनी पुन्हा एकदा हसतील.

"काय करू, सर?"

ओएसनी पेनाला टोपण लावलं. म्हणाले, "तुझं काय ते तू कर. पुकारायचं कसं ते मी बघतो."

ते प्राचार्यांकडे गेले. मी फाइल द्यायच्या निमित्तानं मागोमाग गेले, कारण असं काही चुकवणं माझ्या स्वभावात नाही. ओएस म्हणाले, पोर्टलवर वरूनच दोन रकाने आलेत, तर पुकारतानाही दोन्ही नावं घ्यावीत. आधी लिहायचं, मग हाकेचं. प्राचार्य सज्जन माणूस, पण पाहुणे म्हणून कोणी मोठे अधिकारी यायचे होते.

"म्हणजे मी त्यांच्यासमोर 'भावी आमदार' म्हणून पुकारू?"

"त्याला विचारलं मी. आई त्याला गोट्या म्हणते."

"मग गोट्या पुकारू?"

"तो हो म्हणालाय."

प्राचार्यांनी कपाळाला हात लावला. एकीसाठी सगळा कार्यक्रम बदलायचा का, असं ते म्हणाले. ओएस म्हणाले, "एकीसाठी केलं तर ती एकटी पडेल, सर. म्हणून सगळ्यांसाठी." शेवटी प्राचार्यांनी एकच अट घातली. नावं ओएसनीच वाचायची. काही झालं तर त्यांच्याच अंगावर.

कार्यक्रमाच्या दिवशी पालकांना बसवण्याचं काम माझ्याकडे होतं. मागच्या दारातून एक बाई आल्या. काष्ट्याचं लुगडं, हातात कापडी पिशवी आणि कुठे बसायचं याची चिंता. मी विचारलं, "कोणाच्या आई तुम्ही?"

"बुधीची," त्या म्हणाल्या आणि लगेच चुकल्यासारखा चेहरा केला.

मी त्यांना मधल्या वाटेच्या कडेला बसवलं आणि स्वतः भिंतीला टेकून उभी राहिले.

ओएस वाचायला लागले. पहिल्याच मुलाचं भारदस्त नाव, वडिलांचं नाव, आडनाव आणि मग, "म्हणजेच पिंट्या." सभागृह खिदळलं. दुसरी 'छकू'. तिसरा रिकामा, तो शांतपणे येऊन गेला. मग 'ढब्बू' निघाली ती विद्यापीठात नंबर आलेली मुलगी, तिच्या टाळ्या थांबेनात. 'चिमणी' पुकारली तेव्हा निफाडचे बागायतदार उभे राहून सगळ्यांना नमस्कार करत होते, जणू पदवी त्यांनाच मिळाली. 'गोट्या' आला तो आमदारासारखा हात हलवत. अधिकारी पाहुणे हसू दाबत होते, मग दाबायचे थांबले. प्राचार्यांच्या कानाशी वाकून त्यांनी काहीतरी सांगितलं, बहुधा स्वतःचं.

"सुनीता," ओएसनी वाचलं. पुढचं वडिलांचं नाव, आडनाव आधीच्या टाळ्यांत बुडालं. आणि ओएस थांबले.

रकाना तिनं शेवटपर्यंत भरला नव्हता. आम्हाला दोघांनाही नाव माहीत होतं, आणि दोघांनाही ते घेता येत नव्हतं. ओएस कागदाकडे बघत नव्हते. डोळे मिटून उभे होते.

ती पायऱ्या चढली. माझ्या शेजारी तिची आई छताच्या दिव्यांकडे बघत होती, पिशवीची गाठ सारखी करत. तिच्यासाठी ही कोणीतरी सुनीता होती. माझा हात तिच्या खांद्याकडे गेला होता, अर्ध्यात थांबला. नाव ज्याचं त्यानं सांगायचं होतं, मी सांगून उपयोग नव्हता.

सुनीता प्राचार्यांपर्यंत गेली. त्यांनी प्रमाणपत्र पुढे केलं. तिनं हात पुढे केला नाही. ती वळली, ओएसच्या माइकपाशी आली आणि वसतिगृहाच्या मुली बसल्या होत्या त्या रांगांकडे एकदा नीट बघून म्हणाली, "बुधी."

माइकनं नुसती खरखर केली. ओएसनी माइक तिच्या तोंडापर्यंत खाली ओढून दिला.

"माझं नाव बुधी आहे."

कोणी हसलं की नाही ते मला सांगता येणार नाही, कारण माझ्या शेजारची बाई उठून उभी राहिली होती. पिशवी खाली पडली. इथून तिथवर काही फार अंतर नव्हतं. पण ती अशी ओरडली, जणू मध्ये दरी आहे आणि पोरगी पलीकडच्या डोंगरावर गुरांमागे आहे.

"बुधीऽऽ, ये गं."

आणि बुधी निघाली. प्राचार्यांना ओलांडून, पाहुण्यांना ओलांडून, पायऱ्या उतरून सरळ मधल्या वाटेनं. प्रमाणपत्र तसंच राहिलं. प्राचार्य ते दोन्ही हातांत धरून स्टेजच्या मध्यभागी उभे, आणि ओएसकडे बघतायत की आता काय. पुढचा मुलगा पायऱ्यांशी तयार होता. वेळ निघून चालला होता.

ओएसनी यादी घडी करून खिशात ठेवली आणि माइक वर घेतला.

"थांबू या जरा," ते म्हणाले. "तिला आईनं बोलावलंय."